रावपुऱ्यातल्या कापड दुकानासाठी ईमेलवरून कूपन: कुणाला, किती आणि कसं?

रावपुरा_वस्त्र यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बडोद्यात रावपुऱ्यात आमचं कापडाचं दुकान आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे तयार कपडे, आणि नवरात्रीच्या आधी चनिया-चोळी. सरासरी बिल ₹१,६०० च्या आसपास जातं आणि कर वगळून विक्रीवर साधारण ३० टक्के सुटतात. मंगळ बाजाराशी भावात टक्कर घेणं आम्हाला परवडत नाही, त्यामुळे जुनं गिऱ्हाईक परत कसं येईल याचीच काळजी जास्त.

आमच्याकडे ६०० च्या आसपास ईमेल पत्ते जमलेत. निम्मे लोकांनी बिल मेलवर मागवताना दिलेले, निम्मे अभिप्रायाच्या वहीत हाताने लिहिलेले. विचार असा आहे की नवरात्रीच्या तोंडावर सगळ्यांना २० टक्के सवलतीचं एकच कूपन पाठवायचं. दुकानाच्या साध्या जीमेलवरून, सगळे पत्ते बीसीसीमध्ये (जिथे ते एकमेकांना दिसत नाहीत) टाकून. कूपनवर एक शब्द असेल, तो काउंटरवर सांगितला की सवलत.

यात काय चुकतंय ते सांगा. सवलत किती ठेवावी? मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून काय करावं? आणि बिलात, जीएसटीत ते कसं दाखवायचं?

हिशेब_मांडणारी

दादा, आधी २० टक्क्यांचं गणित कागदावर मांडा. ₹१,६०० च्या बिलात तुमची खरेदी ₹१,१२०, सुटतात ₹४८०. २० टक्के दिलेत की गिऱ्हाईक देणार ₹१,२८० आणि तुमच्या हातात राहणार ₹१६०. म्हणजे आज जितका नफा होतो तितकाच हवा असेल तर तिप्पट बिलं फाडावी लागतील. १० टक्के दिलेत तरी दीडपट. नवरात्रीच्या तोंडावर, जेव्हा लोक असेही येणारच आहेत, तेव्हा ही तिप्पट बिलं कुठून येणार?

टक्क्यांपेक्षा ठरावीक रक्कम आणि तिला किमान खरेदीची अट, हे लहान दुकानाला जास्त झेपतं. मोठी खरेदी करणाऱ्याला टक्क्यांनी मोठी रक्कम जाते आणि महिनाअखेर किती गेले याचा अंदाजच राहत नाही. अट सरासरी बिलापेक्षा थोडी वर असावी. तुमच्यासाठी ₹२,००० ठीक. पण रक्कम ठरवताना इथेही जपून. ₹२,००० च्या बिलात ₹६०० सुटतात. ₹१५० ची सूट दिलीत तर उरले ₹४५०, म्हणजे ₹१,६०० च्या बिलात सुटतात त्याहूनही कमी. माल जास्त गेला आणि गल्ल्यात कमी आलं. ₹१०० दिलेत तर ₹५०० उरतात, तिथे ₹२० का होईना वर राहतात.

हे झालं नेहमी येणाऱ्यांचं. वर्षभर फिरकलेच नाहीत अशांचा हिशेब अगदी वेगळा, कारण त्यांच्याकडून आज येणारा नफा शून्य आहे. त्यांना ₹२,००० वर ₹२५० दिलेत तरी ₹३५० पदरात पडतात. म्हणून एकच कूपन सगळ्यांना देऊ नका. बिलातल्या मोबाइल नंबरावरून यादीचे दोन भाग करा: गेल्या तीन महिन्यांत आलेले आणि वर्षभर न आलेले. मधल्यांना सध्या काहीच पाठवू नका. सवलतीची सवय एकदा लावली की पूर्ण भावाने घेणारं माणूसही कूपनची वाट बघत बसतं.

अडकलेला माल काढण्यासाठी कूपन वापरायचं असेल तर कूपनवर तसं स्पष्ट लिहा: ‘फक्त लहान मुलांच्या कपड्यांवर’. मात्र तो माल पुरेसा असू द्या. दोनच नग शिल्लक असताना सवलतीची हाक देऊन लोकांना दुकानात बोलवायचं, हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. आणि उन्हातान्हातून आलेलं माणूस चिडून परत जातं, ते नुकसान वेगळंच.

अलकापुरीकर

ईमेल वाचतं कोण, असं कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो. रोजचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच आहे, यात वाद नाही. पण तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. एसएमएसने जाहिरात करायची तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर दुकानाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. ईमेलला असली नोंदणी नाही.

बडोद्यात ईमेल चालतो तो तीन प्रकारच्या लोकांकडे. एक, नोकरीत रोज मेल उघडणारे: युनिव्हर्सिटीतले, रिफायनरीतले, बँकांतले. दोन, शिवायला टाकलेल्या ऑर्डरीची पावती मेलवर मागवणारे. आणि तीन, परदेशात राहणारे. त्यांचा इथला सिम बंद पडलेला असतो, पण मेल तोच असतो. डिसेंबरात ते गावी येतात तेव्हा कमुरता (लग्नकार्य टाळायचा काळ) चालू असतो, लग्नाची खरेदी थंडावलेली असते, आणि नेमकं तेव्हाच हे लोक परत जाताना द्यायच्या-न्यायच्या साड्या घेतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटी वेगळा मेल काढा, मुदत १४ जानेवारीपर्यंत. त्यांना सवलतीपेक्षा ‘फॉल-पिको दोन दिवसांत करून मिळेल’ या ओळीचं मोल जास्त असतं.

डोमेनवाला

मेल पोचण्याविषयी.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांना मेल जातो, त्यावर खातं दिवसभरासाठी अडतं. तुमचे ६०० इथेच अडकले. शिवाय बीसीसीमध्ये प्रत्येकाला तोच मजकूर जातो, म्हणजे वेगवेगळा कोड देता येत नाही. आणि घाईत पत्ते बीसीसीऐवजी सीसीमध्ये पडले तर ६०० गिऱ्हाइकांचे पत्ते सगळ्यांसमोर उघडे.

एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेत जाऊन ‘पाठवणारा’ म्हणून तोच जीमेल पत्ता टाकणं, हाही मार्ग नाही. जीमेलच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल खुद्द गूगलच संशयाने बघतं आणि तो थेट स्पॅममध्ये जातो. दुकानाच्या नावाचं स्वतःचं डोमेन (पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घ्या; वर्षाचा खर्च एका साडीपेक्षा कमी आहे.

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगते की या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. डीमार्क सांगते की या दोन्ही जुळल्या नाहीत तर काय करायचं. सुरुवातीला तिचं धोरण ‘नन’ (काहीच करू नका) ठेवा. इथे हमखास होणारी चूक अशी: ईमेल देणाऱ्या कंपनीने सांगितलेली एसपीएफची एक नोंद आधीच असते, आणि कूपन पाठवणाऱ्या सेवेने सांगितलेली दुसरी लोक तिच्या शेजारी जोडतात. एका डोमेनवर एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद. दुसऱ्या सेवेच्या नोंदीतला ‘इन्क्लूड’ने (include) सुरू होणारा भाग पहिल्याच ओळीत घाला.

झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ दाबा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींसमोर ‘पास’ दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत एकाही गिऱ्हाइकाला मेल पाठवू नका.

आता यादी. वहीतले हाताने लिहिलेले पत्ते टाइप करताना ‘एल’चा ‘वन’ होतो, ‘कॉम’चं ‘को’ होतं. असे मेल उलटे परततात, आणि एका फटक्यात पुष्कळ परतले की सेवा तुमचं खातं थांबवते. म्हणून नव्या डोमेनवरून दिवसाला ५० असे सोडा, कायमचे परतलेले पत्ते त्याच दिवशी यादीतून काढा.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न परवानगीचा. बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीसाठी दिलेला नसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. काउंटरवर क्यूआर लावा, तो एका छोट्या फॉर्मवर जाऊ दे. नाव, मेल, मोबाइल, भाषा (मराठी, गुजराती, इंग्रजी), आणि दोन वेगळे चौकोन: ‘बिल मेलवर पाठवा’ आणि ‘सवलतींची माहिती पाठवा’. दुसरा चौकोन आधीपासून टिक केलेला ठेवू नका. गिऱ्हाईक स्वतः टाइप करतं म्हणून पत्तेही बरोबर येतात. जुन्या ६०० ना एकदाच साधा मेल पाठवून विचारा; ‘हो’ म्हणतील तेवढेच ठेवा. यादी अर्धी होईल, होऊ द्या. गूगलने मोठ्या प्रेषकांसाठी स्पॅम तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के ठेवली आहे. ६०० मेलांत दोघांनी ‘स्पॅम’ दाबलं की ०.३३ टक्के होतात. ‘यादीतून काढा’ ही लिंक सहज दिसेल अशी असली तर रागावलेलं माणूस ती दाबतं, स्पॅम दाबत नाही.

मेल असा असावा:

विषय: ₹२,००० च्या खरेदीवर ₹१०० सूट, शनिवार १८ तारखेपर्यंत
पहिली ओळ: तुमचा कोड ४७१९०६. काउंटरवर सांगा.
मग एक फोटो, मग अटी, मग दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, नकाशाची लिंक, आणि गाडी कुठे लावायची ते. रावपुऱ्यात ही शेवटची ओळ फार कामाची.

कोड फोटोत छापू नका. कित्येकांकडे फोटो आपोआप उघडत नाहीत, मग कूपनच दिसत नाही. फोटो ६०० पिक्सेल रुंदीचा पुरे. मेलचा एकूण मजकूर, म्हणजे एचटीएमएल, १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो खालून कापतं, आणि नेमकी ‘यादीतून काढा’ ही लिंक तळाशी असते. दुसरीकडून डिझाइन चिकटवलं की हे फुगणं हमखास होतं.

रावपुरा_वस्त्र

ताई, दादा, मनापासून आभार. ₹१५० वालं गणित बघून डोळेच उघडले. दोन शंका. प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा तर तो बनवायचा कसा, आणि काउंटरवरच्या मुलांना तो तपासता येईल का? गर्दीत ती गोंधळतात. एकच सोपा शब्द ठेवला तर काय बिघडतं?

काउंटर_पलीकडे

एकच शब्द ठेवला की संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. मग कूपन म्हणजे सरसकट सवलत, आणि कुठल्या मेलमुळे कोण आलं ते कधीच कळत नाही. ईमेल कूपनचा खरा उपयोग तिथेच संपतो.

कोड फक्त आकड्यांचा आणि सहा आकडी ठेवा. अक्षरं घेतलीत की शून्य आणि ‘ओ’ यांत घोळ होतो. आकडे मराठीत, गुजरातीत, कुठल्याही भाषेत सांगता येतात. चार आकडी पुरणार नाही. १०,००० शक्य आकड्यांत ६०० वाटलेत तर अंदाजाने सांगितलेल्या दर सोळा-सतरा कोडांत एक खरा निघतो. ओळीने १००१, १००२ असे तर मुळीच देऊ नका.

गूगल शीटमध्ये ‘रँडबिटवीन’ने १००००० ते ९९९९९९ मधले आकडे काढा. लगेच तो स्तंभ कॉपी करून ‘फक्त व्हॅल्यू’ म्हणून पुन्हा चिकटवा. हे राहिलं तर शीटमध्ये काहीही लिहिलं की सगळे कोड बदलतात, आणि मेलमध्ये गेलेला एकही कोड शीटमध्ये सापडत नाही. मग ‘काउंटइफ’ने एकच कोड दोघांना गेला नाही ना ते बघा, ६०० मध्येही तसं होऊ शकतं.

शीटचे स्तंभ: कोड, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, सूट, किमान बिल, शेवटची तारीख, वापरल्याची तारीख, बिल नंबर. काउंटरवरच्या मुलांना शीट दाखवूच नका. त्यांच्यासाठी वेगळं पान करा, ज्यात कोड टाकला की ‘चालेल, ₹१००, बिल ₹२,००० च्या वर’ किंवा ‘वापरलेलं’ किंवा ‘मुदत संपली’ एवढंच येईल. आणि क्रम पक्का करून द्या: आधी सगळे नग मोजायचे, मग कोड विचारायचा, मोबाइलचे चार आकडे जुळवायचे, सूट लावायची, बिल छापायचं, आणि बिल नंबर शीटमध्ये टाकल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. कोड आधी विचारला तर मुलं सूट लावून मोकळी होतात, मग गिऱ्हाईक एक नग बाजूला ठेवतं, आणि बिल ₹१,४०० चं उरतं.

नेट गेलं तर? रोज सकाळी उरलेल्या कोडांची चढत्या क्रमाने लावलेली छापील यादी काउंटरखाली ठेवा. वापरलेल्यावर पेनाने रेघ आणि शेजारी बिल नंबर. रात्री शीटमध्ये चढवा. दोन काउंटर असले तरी यादी एकच, नाहीतर तोच कोड दोन्हीकडे चालतो.

कूपनवरच्या अटी छोट्या ठेवा. एका बिलावर एकच कूपन. दुसऱ्या सवलतीसोबत नाही. रोख परतावा नाही. शिलाई आणि फॉल-पिकोवर लागू नाही. मुदतीची तारीख आकड्यांत. ‘सात दिवसांत’ लिहिलंत की मेल आल्यापासून की उघडल्यापासून, यावर काउंटरला वाद होतो.

कर_आणि_कागद

जीएसटीचा भाग. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १५(३)(अ). म्हणजे कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर. अट एवढीच की सूट बिलावर वेगळी दिसली पाहिजे. पूर्ण रकमेचं बिल फाडून गल्ल्यातून ₹१०० परत दिलेत तर त्या ₹१०० वरचा कर तुमच्या खिशातून जातो.

तुमच्या दुकानात एक खास मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाची विक्री किंमत ₹२,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. साडी हे कापड, तिला ५ टक्केच. आता समजा शिवलेली चनिया-चोळी कर वगळून ₹२,६०० ची आहे आणि तिच्यावर ₹२५० ची सूट लागली. विक्री किंमत झाली ₹२,३५०, दर ५ टक्के. पण बिलाच्या तळाशी एकरकमी सूट टाकली तर कित्येक सॉफ्टवेअर नगाचा दर आधीच ₹२,६०० वर ठरवून १८ टक्के लावून बसतात. म्हणून सूट नगवार, किमतीच्या प्रमाणात वाटली जाईल अशी सेटिंग करून घ्या आणि कूपन सुरू करण्याआधी एक नमुना बिल तुमच्या सीएंना दाखवा. कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांसाठीच्या ठरावीक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर बिलावर कर लावायचाच नसतो, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

बदली आणि परतीचं आधीच ठरवा. ₹२,००० च्या बिलावर ₹१०० सूट घेतली आणि दुसऱ्या दिवशी ₹६०० चा फ्रॉक परत आणला, तर त्याची किंमत ₹५७० धरायची, कारण त्या नगावर ₹३० ची सूट गेलेली आहे. ₹६०० दिलेत तर गिऱ्हाइकाला सूट राहते आणि अट मात्र मोडते. ‘बदलताना सवलतीनंतरची किंमत धरली जाईल’ ही ओळ कूपनवर आणि बिलावर, दोन्हीकडे छापा.

रावपुरा_वस्त्र

शेवटचं विचारतो. नवरात्रीसाठी मेल नेमका कधी सोडावा? आणि कूपनमुळेच लोक आले हे कसं समजायचं? सेवेत ‘किती जणांनी उघडला’ ते दिसतं म्हणे.

हिशेब_मांडणारी

उघडल्याच्या आकड्यावर जाऊ नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून गोपनीयतेची अशी सोय आहे की माणसाने मेल पाहिला नसला तरी तो उघडलेला दिसू शकतो. वापरलेला कोड आणि त्याचं बिल, एवढंच खरं धरा.

तेही अर्धंच. समजा वर्षभर न आलेले १२० जण आहेत. चिठ्ठ्या टाकून ८० जणांना कूपन पाठवा, ४० जणांना काहीच नाही. मुदत संपल्यावर दोन्ही गटांचे मोबाइल नंबर बिलांशी ताडून पाहा. ८० पैकी ८ आले आणि ४० पैकीही ४ आले, तर दोन्हीकडे दहात एक. म्हणजे ते असेही आले असते आणि सूट फुकट गेली. ८० पैकी १२ आणि ४० पैकी १ असं दिसलं तर कूपनने माणसं आणली. एवढ्या लहान आकड्यांत एक-दोन बिलांचा फरक म्हणजे काहीच नाही, तेव्हा दोन-तीन वेळा करून पाहिल्याशिवाय निकाल लावू नका. गट आपल्या मनाने निवडू नका, नाहीतर ओळखीची, हमखास येणारी माणसं कूपनच्या बाजूला पडतात.

वेळेचं म्हणाल तर चनिया-चोळीवर शेवटच्या आठवड्यात कूपन देऊच नका. तेव्हा माल पूर्ण भावाने जातो. पितृपक्षात बरेच जण नवं कापड घेत नाहीत, म्हणून त्या पंधरवड्यात संपणारं कूपन वाया जातं. गणपती बसल्यावर लगेच, पितृपक्ष लागायच्या आत संपेल असं एक छोटं कूपन काढा, ज्यांना फिटिंग करून घ्यायचंय त्यांच्यासाठी. शिवणाऱ्या बाईंवरचा शेवटचा ताणही कमी होईल. दुसरं थेट दसऱ्यानंतर, दिवाळीच्या साड्यांसाठी. मेल सकाळी दहाच्या सुमारास, दुकान उघडायच्या आधी. मुदत दहा दिवस, आणि संपायच्या दोन दिवस आधी एकच आठवण, तीही ज्यांनी कोड वापरलेला नाही फक्त त्यांना. त्यासाठी शीटमधला ‘वापरल्याची तारीख’ हा स्तंभ त्याच सकाळी गाळून घ्या, आदल्या रात्रीची छापील यादी चढवून झाल्यावर.